आर्लिसच्या दारची गाडी

आर्लिस ब्रेक्के आमच्या शेजारची. तिच्या आणि माझ्या स्वयंपाकघराच्या खिडक्या समोरासमोर आहेत, त्यामुळे तिकडे कॉफी कधी चढली आणि दिवा कधी मालवला हे मला विचारावं लागत नाही. रोजच्या वहीत मी हवामान लिहिते आणि त्या दिवशी कुणासाठी प्रार्थना केली ते लिहिते. त्यात आर्लिसचं नाव इतक्यांदा आलं आहे, की त्या नावामागची बाईही एकदा लिहून ठेवावी असं वाटलं.

ती शाळेच्या स्वयंपाकघरात होती. या गावातली निम्मी माणसं तिच्या हातचे कुस्करलेले बटाटे खाऊन वाढली आहेत, माझी दोन्ही मुलंसुद्धा. उंच, हाडापेराने मजबूत, बोलायला कमी. कुणाचं काही अंगावर ठेवायचं नाही हा तिचा बाणा. मी तिला सफरचंदं धाडली की तेच भांडं चार दिवसांत ॲपल पाय घेऊन परत यायचं. आमचे हे, ड्वेन, म्हणतात, "आर्लिसला ऊन फुकट मिळतं ना, त्याचंही तिला रात्री वाईट वाटत असेल." फिटंफाट झाली की झोप लागते, असं ती स्वतःच सांगायची.

आता आमच्याकडची रीत अशी, की पहिल्यांदा विचारलं की "नको" म्हणायचं. त्याचा अर्थ एवढाच, की तुमचं ऐकलं. दुसऱ्यांदाही "नको, कशाला उगाच" म्हणायचं, म्हणजे विचार चालू आहे. तिसऱ्यांदा कुणी विचारलं, की मग "बरं, अर्धाच कप" म्हणून पुढे व्हायचं. मिनेसोटात वाढलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. आर्लिस तर या बाबतीत आम्हा सगळ्यांच्या वरची. पहिल्याच विचारण्यात तिने कुणाकडे काही घेतल्याचं मला आठवत नाही.

तिचा नवरा ओर्विन धान्याच्या कोठारावर वजनकाट्याला होता. तो हळूहळू विसरायला लागला. आधी नावं, मग रस्ते, मग जानेवारीत एकदा नुसत्या मोज्यांवर टपाल आणायला बाहेर पडला आणि तिसऱ्या गल्लीत सापडला. आमच्या गावच्या वृद्धाश्रमात अशा माणसांसाठी जागा नव्हती, ती मिळाली लिंडस्टाडला. हमरस्त्याने बारा मैल. त्याच सुमारास आर्लिसचे डोळे गेले. आंधळी नव्हे, पण जिकडे बघावं तिथेच मधोमध काळा डाग. तिने गाडीचा परवाना आपणहून परत केला आणि ओर्विनचा ट्रक विकून टाकला.

ओर्विन तिच्याच हातचं खायचा. तिथल्या मुली चमचा पुढे करत तेव्हा तो दात घट्ट आवळून बसे. आर्लिस शेजारी खुर्ची ओढायची, आमची जेवणाआधीची प्रार्थना हळू आवाजात म्हणायची आणि चमचा डाव्या बाजूने आणायची, की याचं तोंड उघडायचं. इतक्या वर्षांची सवय. तेव्हा आर्लिसला या जगाकडून फक्त एक गोष्ट हवी होती. दुपारच्या जेवणाला लिंडस्टाडला असणं.

मी गावातल्या गावात गाडी चालवते. हमरस्त्यावर मालमोटारी शेजारून गेल्या की माझे हात गार पडतात. ड्वेनला दुकानातून सुट्टी फक्त बुधवारी. आमच्या चर्चच्या मंडळीतल्या बायकांनी पाळ्या लावल्या, पण आर्लिस प्रत्येकीला पाव भाजून द्यायला लागली. आज कुणी नेलं की रात्री ही कणीक मळत उभी. दोन महिन्यांत ती थकली आणि "मी बघते माझं" म्हणून तिने पाळ्याच बंद केल्या. पाव भाजू नकोस असं सांगून पाहिलं. तर म्हणे, मग मी त्यांच्या गाडीत बसू कशी?

तेवढ्यात यारेली आली.

आमच्या टेकडीवरच्या कॉलेजात अभ्यासाला जागा मिळते, पण गाडीला मिळत नाही. पहिल्या वर्षाच्या मुलांना तिथे गाडी लावायचा परवाना नाहीच. पुढच्यांची नावं चिठ्ठ्या टाकून काढतात. मग पोरं उतारावरच्या आमच्या गल्ल्यांतून गाड्या लावत फिरतात. एरवी चालून जातं, पण बर्फ पडून रस्ते साफ करायची घोषणा झाली की रस्त्यावर राहिलेली गाडी रात्री उचलून नेतात. तेव्हा नोव्हेंबर लागला की पोरं दारोदार विचारत येतात, काकू, तुमच्या अंगणात जागा आहे का. गल्लीतल्या बऱ्याच जणांनी गॅरेजपुढच्या जागा भाड्याने दिल्या आहेत. ड्वेनचा नेहमीचा विनोद असा, की पदवी चार वर्षांत मिळते, पार्किंगला पाच लागतात.

यारेली ओंतिवेरोस टेक्सासहून, एल पासोहून आली होती. बापाची जुनी ब्यूक दोन दिवस एकटीने चालवत. लिंडस्टाडच्या औषधाच्या दुकानात तिला दुपारची नोकरी होती, आठवड्यातले चार दिवस. तिकडे बस जात नाही, म्हणून गाडी हवीच. ती गाडी त्या महिन्यात दोनदा उचलून नेलेली. तिसऱ्या बर्फाच्या संध्याकाळी तिने ती आर्लिसच्या घरापुढे अशी लावली, की नाक थेट दारच्या वाटेत. आर्लिस कोट घालून बाहेर आली. मला खिडकीतून वाटलं, आता पोरीचं काही खरं नाही.

आर्लिस म्हणाली, "आत घे ती. रस्त्यावर ठेवलीस तर नेतील. आमचा ट्रक गेला, जागा रिकामीच आहे."

पोरीने भाडं विचारलं. आर्लिस म्हणाली, पैसे नकोत. पोरगी म्हणाली, मग मलाही नको, फुकट मी राहत नाही. आर्लिसने मला नंतर सांगितलं, की तिथेच ती पोरगी तिच्या मनात बसली. नोकरी कुठे, असं तिने विचारलं. लिंडस्टाड, हे उत्तर ऐकून ती थोडा वेळ बर्फातच उभी राहिली. तिला काही मागावं लागलं नाही, हेच त्यातलं मोठं. जागा तिची, लिंडस्टाडपर्यंतची गाडी पोरीची. फिटंफाट. त्या रात्री प्रार्थनेत मी प्रभूचे आभार मानले, की आर्लिसला घेता येईल अशी मदत त्याने धाडली.

दोन वर्षं असं चाललं. चार दिवस जेवणवेळेआधी आर्लिसला घेऊन ब्यूक निघायची, संध्याकाळी परतायची. बर्फ काढायला पोरगी यायची ते ऐकायला मी मुद्दाम माझ्या पायऱ्या झाडायला निघत असे. आर्लिस म्हणायची, "पोरी, बर्फ ढकलायचा असतो. गोंजारायचा नसतो."

"मिसेस ब्रेक्के, आमच्याकडे वाळू असते. ती आपली आपण जागेवर राहते."

"मग वाळूतच शिकायला जायचं होतंस."

"तिथे पार्किंग भरपूर होतं हो. मजाच नसती आली."

आर्लिस हसली की तिचे खांदे हलायचे, आवाज यायचा नाही. ओर्विनला गाठायच्या वाटेवर गाडीत पोरीची गाणी लागत. आर्लिस शब्द न कळता मांडीवर ठेका धरायची, असं पोरीनेच मला सांगितलं. पोरगी आत जाऊन ओर्विनच्या कपाळाला ओठ लावून यायची. आमच्याकडे नवरेसुद्धा इतकं करत नाहीत. आर्लिसला ते आवडत असे, पण बोलली कधीच नाही.

मग कॉलेजने तीन मजली पार्किंग बांधायचं काढलं. गावाची सभा झाली. गल्लीतली सगळी वैतागलेली माणसं हात वर करायला टपलेलीच होती. मी वर केला, ड्वेनने केला, आणि माझ्या शेजारी बसलेल्या आर्लिसनेही केला. मी तिच्याकडे पाहिलं. ती हळूच म्हणाली, "पोरांची फार ओढाताण होते गं."

इमारत पुढच्या शरदात उघडली. मागेल त्याला परवाना. यारेलीची जागा तिच्या खोलीच्या अगदी पायथ्याशी आली. ती आर्लिसला सांगायला आली तेव्हा मी तिथे नव्हते. दुसऱ्या सकाळी मी कॉफीला गेले, तर आर्लिसने आपण होऊन विषय काढला. पोरगी म्हणाली, मी तुम्हाला न्यायला येत जाईन, रस्त्यातच तर आहात. आर्लिस म्हणाली, नको गं, कशाला. पोरीने पुन्हा विचारलं, नक्की ना? आर्लिस म्हणाली, हो हो, तुझा अभ्यास बघ, माझं होईल काहीतरी.

"मग?" मी विचारलं.

"दोनदा विचारलं तिने."

"आणि मग?"

"मग ती गेली."

आर्लिसने टेबलावरचे नसलेले कण तळहाताने गोळा केले. मी म्हटलं, त्या पोरीला आपल्या रीती काय ठाऊक, मी सांगते तिला. आर्लिसने मान हलवली. म्हणाली, सांगून विचारायला लावलं तर ते विचारणं कसलं. आणि आता तिच्या गाडीला माझ्या दाराची गरज उरली नाही. मी तिला देणार काय?

तरी ऑक्टोबरात यारेली मला किराणा दुकानात भेटली आणि माझ्याने राहवलं नाही. आर्लिस कशी आहे, असं तिनेच आधी विचारलं, तेही माझ्याकडे न बघता. ती म्हणाली, "आमच्या घरी मोठं माणूस नाही म्हणालं की त्यावर बोलत नाहीत. मला वाटलं, जागेपुरतंच होतं. माझी बडबड सोसत होत्या इतकंच." मी तिला आमचं तीन वेळांचं शास्त्र सांगितलं. ती तिथेच, कांद्यांच्या पेटीपाशी, डोळे पुसायला लागली. संध्याकाळी ब्यूक आर्लिसच्या दारात उभी राहिलेली मी पाहिली आणि मनात म्हटलं, झालं.

पण आर्लिसने दारातच तिला विचारलं, लव्हॉनने सांगितलं ना? लव्हॉन म्हणजे मी. पोरीला खोटं बोलता आलं नाही. तेव्हा आर्लिसने तिला आत घेतलं, कॉफी दिली, केक बांधून दिला, आणि तिच्या गाडीतून जायचं मात्र नको म्हटलं. अगदी मायेने. तिसऱ्यांदाचं नको आमच्याकडे खरं असतं.

उरला आमचा बुधवार. तो तिने एवढ्याचसाठी घेतला, की ड्वेनच्या शर्टांची इस्त्री तिने आपल्याकडे ओढून घेतली. आठवड्यातून एक जेवण. बाकीच्या दिवशी ओर्विन दात आवळून बसायचा. नोव्हेंबरात तिकडून फोन आला, की त्याचं वजन उतरलंय आणि कपडे अंगावर लोंबतात. त्या विभागातली हमदी नावाची मुलगी फोनवर होती, सोमालियातून आलेल्या घरातली. आर्लिसने तिला सगळं नीट समजावून दिलं. समोर बसू नकोस, शेजारी बस. चमचा डावीकडून आण. आणि आधी प्रार्थना म्हण. हमदी म्हणाली, तुमची मला येत नाही, जेवणाआधी आम्ही आमची म्हणतो. आर्लिस म्हणाली, तीच म्हण बाई, फक्त सावकाश म्हण.

आम्ही नाताळच्या आधल्या बुधवारी गेलो. मीही होते. ओर्विन खिडकीशी, गळ्याला रुमाल, गाल पुन्हा थोडे भरलेले. आर्लिसने खुर्ची ओढली, प्रार्थना म्हटली, चमचा डावीकडून नेला. त्याने दात आवळले. तिने थांबून पुन्हा नेला. त्याने मान फिरवली, आणि कुणाला तरी शोधावं तसं दाराकडे पाहिलं.

हमदी ताटं घेऊन आली होती, ती दारातच थबकली. आर्लिसने स्वतः तिला हाक मारली आणि चमचा तिच्या हातात दिला. हमदीला नको होतं, तिने दोनदा नाही म्हटलं. आर्लिसने तिसऱ्यांदा सांगितलं. हमदी बसली, ओठांतल्या ओठांत तिचे शब्द म्हणाली आणि ओर्विनने तोंड उघडलं, पाखराच्या पिलासारखं. सगळी वाटी संपवली. ते शब्द मला कळले नाहीत, पण देवाचं नाव घेताना आवाज कसा होतो हे मला ठाऊक आहे. आर्लिस त्याचा रिकामा हात आपल्या हातात धरून बसली होती. त्याने तो काढून घेतला नाही, आणि धरलाही नाही.

"बरं खातोय," ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "पुडिंग आवडतं त्याला, ते राहू दे शेवटी." हमदीने मान हलवली. तिला ते ठाऊक होतं.

परतीच्या वाटेवर ड्वेनने हवामानाचं काही काढलं, मी ते बोलणं पुढे नेलं. आर्लिस मागे बसली होती. रस्त्यावरून वारा भुरभुरता बर्फ आडवा नेत होता. आमच्या गल्लीत वळलो तेव्हा ती म्हणाली, "पुढच्या बुधवारी आपण जेवण झाल्यावरच निघू या. ऐन वेळेला मी तिथे असले की त्या मुलीला अडचण होते."

ड्वेनने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "असं काही नाही गं, आर्लिस. आपण नेहमीच्याच वेळेला जाऊ."

"नको," ती म्हणाली.

मी पुन्हा म्हटलं. ती पुन्हा नको म्हणाली. मी तिसऱ्यांदाही विचारलं, आणि वाट पाहिली. तिने पाकीट उचललं, दार उघडलं, ड्वेनचे आभार मानले आणि शर्ट उद्या पाठव म्हणून सांगून ती तिच्या पायऱ्या चढून गेली.