दलदलीच्या दारावरचे मामा

आमच्या मामांनी बंद केलेला नळ उघडायला पक्कड लागायची. साखरेच्या बरणीचं झाकण त्यांनी लावलं, की ते घरी येईपर्यंत बाकीच्यांनी बिनसाखरेचा चहा प्यायचा. आम्ही भाचरं त्यांना पाठीमागे ‘कुलूप’ म्हणायचो. मामीला ते ठाऊक होतं. रागावली की तीही म्हणायची, "मला काय विचारता? तुमच्या कुलपाला विचारा."

खरं तर त्यांची नोकरीच तशी होती. नदीच्या बांधावर एक लोखंडी दार होतं आणि मामा त्या दाराचे राखणदार. एका अंगाला नदी, दुसऱ्या अंगाला नजर पोचणार नाही एवढी मोठी दलदल. नदी चढून दाराशेजारच्या भिंतीवरच्या तांबड्या रेघेला टेकली, की चाक फिरवून दार खाली सोडायचं. मग पाणी दलदलीत न शिरता कालव्यानं थेट समुद्राकडे जायचं. दलदल वाळली की तिथे सोनं पिकेल, असा कुणा शहाण्याचा हिशोब होता. काही वर्षं पिकलंही. मग जमीन खचत गेली, विहिरी खाऱ्या झाल्या, लोक शेतं टाकून निघून गेले. दार उघडं ठेवा असं मात्र कुणी सांगितलं नाही, आणि सांगितल्याशिवाय काही करणं मामांच्या रक्तातच नव्हतं.

दलदलीची माती म्हणजे कुजलेल्या मुळांचा नि पानांचा थर. ओली आहे तोवर गुणाची, वाळली की सरपण. उन्हाळ्यात कुठे एखादी ठिणगी पडली की ती जमिनीच्या पोटात धुमसत राहायची. ज्वाळा नाही, नुसता धूर. बांधालगतच्या मामांच्या दोन खोल्यांत तो खिडक्यांच्या फटींतून शिरायचा. मामा फटींत चिंध्या कोंबायचे, उंबऱ्याशी ओलं पोतं लावायचे. बंद करण्यात त्यांचा हात कोण धरणार! तरी दर उन्हाळ्यात मामीचा खोकला वाढतच गेला. पुढे पुढे तर अंगणातून चुलीपर्यंत यायलाही तिला मध्ये एकदा टेकावं लागे. डॉक्टर म्हणाले, राहायला दुसरीकडे जा. मामी म्हणाली, "आणि यांच्याकडे कोण बघणार? ते दार?"

मग एका वर्षी दलदलीला तिचं पाणी परत द्यायचं ठरलं. कामावरच्या इंजिनिअर बाईंनी शाळेच्या वर्गात सगळ्यांना बोलावलं. बाई चांगल्या होत्या, कुणाला बोल लावला नाही त्यांनी. फळ्यावर नुसतं लिहून दाखवलं. दार बंद म्हणून माती कोरडी, माती कोरडी म्हणून आग, आग म्हणून धूर. मी मामांच्या शेजारीच बसले होते. त्यांनी फळा वाचला, आणि मान वळवून मामीकडे पाहिलं. ती तोंडाला रुमाल लावून खोकत होती. इतकी वर्षं इमानानं केलेलं काम असं दोन ओळींत फळ्यावर यावं, याचं मला फार वाईट वाटलं.

घरी आल्यावर मामांनी चप्पलसुद्धा काढली नाही. "मग मी आजवर केलं काय?" त्यांनी मामीला विचारलं.

"सांगितलं ते केलंत," ती म्हणाली. "आता उघडायला सांगतायत. तेही करा."

कालवा बुजवला गेला. उरल्यासुरल्या वस्तीभोवती वेगळा बांध घातला गेला. आता नदी चढली की दार पुरतं वर उचलायचं आणि पुन्हा त्याला हात लावायचा नाही, असं ठरलं. चाक मागाहून काढून नेणार होते.

नदी चढली त्या सकाळी मामांनी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला. दार त्यांनीच वर उचललं. पाणी आत वळलेलं पाहून बाई आणि बाकीची मंडळी गाडीत बसून दलदलीच्या मधोमध, पाण्याची वाट बघायला गेली. मामा दाराशी थांबले. मामी आणि मी डबा घेऊन थांबत थांबत बांधावर पोचलो, तेव्हा मामांचा फोन वाजत होता.

"पाणी आलं नाही हो अजून इकडे," बाईंचा आवाज मलाही ऐकू आला.

"येईल की. दार सताड उघडं आहे," मामा ठासून म्हणाले, आणि त्यांनी खाली पाहिलं.

दार बंद होतं. मामांनी लावल्यावर असायचं तसं, गच्च. पाणी तांबड्या रेघेला टेकलं होतं आणि मामांच्या हातांनी आपलं नेहमीचं काम उरकून टाकलं होतं. मालकाला विचारायचीही त्यांना गरज वाटली नव्हती. काम झाल्यावर हात पुसायचं फडकंसुद्धा खांद्यावर परत गेलं होतं.

मला खुदकन हसू आलं. मग मामांचा चेहरा दिसला आणि माझं तोंड आपोआप मिटलं. ते मटकन खालीच बसले.

"बघितलंस?" ते मामीला म्हणाले. "हे असे हात आहेत माझे. तुझा खोकला यांनीच घरात आणला. आणि आज सगळं कळत असून पुन्हा..." त्यांनी दोन्ही हात काखांत दडवले. "दुसऱ्या कुणाला तरी बोलवा. मी आता याला शिवणार नाही."

मामीला नुसतं उभं राहूनच धाप लागली होती. तिनं डबा माझ्याकडे दिला, चाकापाशी गेली आणि दोन्ही हातांनी ते ओढायला लागली. मामांनी आवळलेलं चाक ते, तिला काय दाद देणार!

"अगं, काय करतेस? जीव जाईल तुझा!"

"मग उठा ना!" ती धापा टाकत म्हणाली. "याच हातांनी इतक्या पुरांत माझं घर कोरडं ठेवलंत, ते विसरले नाही मी. आता मला नीट श्वास घ्यायचाय. तोही याच हातांनी द्या. दुसरं कुणी मी कुठून आणू?"

मामा उठले. तिचे हात चाकावरून सोडवायला गेले, तर ती सोडेना. मग दोघांनी मिळून चाक फिरवलं. म्हणजे फिरवलं मामांनीच, मामी नुसती धरून होती. दाराखालून पाणी उसळून आत घुसलं. फोन अजून चालूच होता. मी बाईंना सांगितलं, "निघालंय पाणी. इकडे जरा उशीर झाला." मामा मात्र त्यानंतर कितीतरी वेळ मामीचा हात धरून उभे होते. आपले हात पुन्हा चाकाकडे जाऊ नयेत म्हणून असावं, किंवा तसंच.

पुढच्या उन्हाळ्यात मी त्यांच्याकडे राहायला गेले. दलदलीत पाणी होतं, त्यात बगळे उभे होते, आणि धूर कुठेच नव्हता. मामीचा दमा पुरता गेला नव्हता. इतक्या वर्षांचं दुखणं, ते काय एकदम जातं? पण दुपारी जेवणं झाल्यावर ती खाटेवर चक्क आडवी झाली. पूर्वी पाठ टेकली की श्वास कोंडायचा, म्हणून बिचारी खुर्चीत बसूनच डोळा लावायची.

मामा पेपर वाचत होते. वाचता वाचता त्यांनी मान वर केली. कान दिला. पेपर बाजूला टाकून लगबगीनं खाटेपाशी गेले, मामीच्या नाकासमोर बोट धरलं, आणि तेवढ्यानंही भागेना म्हणून तिला खांद्याला धरून गदागदा हलवलं.

"अगं, ए! बरी आहेस ना?"

मामी दचकून उठली. "काय झालं?"

"खोकली नाहीस," मामा म्हणाले. "कधीची खोकलीच नाहीस तू."

मामीनं त्यांच्याकडे पाहिलं. "नाही खोकले," ती म्हणाली. "आता झोपू द्या मला." आणि कुशीवर वळून पुन्हा झोपली.

मामा खाटेच्या कडेला बसले, आणि तिची झोपमोड होऊ नये म्हणून तोंडावर हात दाबून रडायला लागले.