चिठ्ठी बांधलेली वांगी
इंदिरानगरात शेजारी कुणी वांगं भाजलं, की माझं डोकंच फिरतं. दिंडोरीजवळच्या आमच्या प्रयोगाच्या प्लॉटमध्ये, फवारणी न करताही ज्या झाडांना अळी लागली नव्हती, त्यांची वांगी मी बियाण्यासाठी चिठ्ठ्या बांधून राखली होती. तीन हंगामांची मेहनत! मोठे साहेब पाहणीला आले, त्या दुपारी राखणीच्या मावशींनी गरमागरम भरीत वाढलं. चुलीशेजारी माझ्या चिठ्ठ्यांचा ढीग पडला होता. "अहो मावशी, हे काय केलंत!" मी ओरडलोच. "तुम्हीच निवडून ठेवली व्हती ना सर, पाव्हण्यांसाठी? एकातबी अळी नाय निघाली बघा." तीन हंगामांचा निकाल मावशींनी एका वाक्यात सांगितला, आणि पुरावा साहेबांनी दोनदा वाढून घेतला.