हात ताटाकडे गेला की

दर्यापूरच्या ताई वाचायला बसल्या की त्यांचा एक डोळा कागदावर असायचा आणि दुसरा फुटाण्यांच्या ताटावर. ताट आमच्या घरचं, फुटाणेही आमच्याच घरचे; पण त्यांचा असा उपयोग करावा हे त्यांनाच सुचलं. ऐकणाऱ्यांपैकी कुणाचा हात ताटाकडे गेला, की ताई वाचन न थांबवता त्या ओळीवर पेन्सिलीनं आडवी रेघ मारत. ऐकणाऱ्याला त्यातलं काही कळतही नसे. तो बिचारा फुटाणे खाई, आणि इकडे ताईंचं एक वाक्य जाई.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी अमरावतीत माझ्या घरी आम्ही पाचसहा लिहिणारी माणसं जमत असू. अजूनही जमतो. ताई दर्यापूरहून एसटीनं येत. त्या शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेल्या, मीही तसाच. वयानं मी मोठा, आणि लिहायलाही मीच आधी लागलेलो. हे सगळं आधी सांगून ठेवतो, कारण मला त्यांचा हेवा वाटायचा, आणि तो का वाटू नये याचं एकही कारण मला आजवर सापडलेलं नाही.

अकोल्याच्या एका दिवाळी अंकाचे संपादक दरवर्षी आमच्या बैठकीतून एकच लेख मागवत. कोणता पाठवायचा ते आम्ही सगळे मिळून ठरवत असू. ओळीनं कितीतरी वर्षं तो ताईंचाच गेला. मी प्रत्येक वेळी "वा, योग्य निवड" म्हणायचो आणि मंडळी गेली की बायकोशी विनाकारण भांडायचो. ती म्हणे, "त्या बाईवरचा राग माह्यावर काहून काढता?" राग नव्हताच तो. राग असता तर बरं झालं असतं. राग कधीतरी निवतो.

एकदा ताई आपल्या सासूबाईंवर लिहून आल्या. त्यात एक वाक्य होतं: 'सासूबाई गेल्या, तरी महिनाभर माझ्या हातून एक भाकर जास्तच होत होती.' ते त्यांनी वाचलं. नेमका तेव्हाच आमच्या पोस्टमास्तर काकांचा हात ताटाकडे गेला. हे काका पोस्टातून निवृत्त झालेले. स्वतः एक ओळ लिहीत नाहीत, पण एकही बैठक चुकवत नाहीत. पेन्सिल हलली. ताईंचा हात धरायचाच काय तो बाकी राहिला होता. म्हटलं, हे एवढं राहू द्या हो, काकांना भूक लागली असेल. ताई म्हणाल्या, "चांगलंच हाय जी ते. पन इथं त्याले काई काम नाई." फुटाण्याची फोलपटं फुंकून टाकावीत तसं त्यांनी ते वाक्य टाकलं. मला तसं एखादं सुचलं असतं तर मी त्याला चौकट करून बैठकीच्या खोलीत टांगलं असतं.

बोलण्यातही त्यांची हीच तऱ्हा. बैठकीचं आमंत्रण मी व्हॉट्सॲपवर ऋतुवर्णनासकट पाठवत असे. त्यांचं उत्तर यायचं, 'हो.' आणि मंडळींना त्या 'हो'चंच कौतुक.

माझी वाचायची पाळी आली की मी ताट आत पाठवायचो. लक्ष विचलित होतं, असं सांगायचो. ताई कधी काही बोलल्या नाहीत.

मग मी वडिलांवर लिहिलं. वडिलांचं भातकुलीत सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. दोन महिने लिहीत होतो, बारा पानं झाली. हा लेख अकोल्याला जाणारच, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. वाचायला बसलो, तर ताई उठल्या, आत गेल्या आणि ताट घेऊन आल्या. कुणाच्या मनात काही नसेल, पण काकांनी ताट संपवलं आणि बायकोनं ते पुन्हा भरून आणलं. वाचून झाल्यावर मी ताईंकडे पाहिलं. त्या चपला घालत म्हणाल्या, "भाऊ, तुमचे बाबा तीन पानायत हायेत. बाकी नऊ पानायत तुमीच बसून रायले."

ते माझे वडील आहेत, मी एक ओळ कापणार नाही, असं मी जरा मोठ्यानंच बोललो. ताईंची एसटीची वेळ झाली होती. त्या गेल्या.

पुढं पेन्सिल हातात घेतली तीसुद्धा त्यांना खोटं पाडायलाच. पण पानोपानी मीच भेटू लागलो. माझं कॉलेज, माझी कृतज्ञता, माझे पाणावलेले डोळे. एकेक ओळ कापताना जीव तुटत होता, कारण लिहिलं होतं चांगलंच. शेवटी दुकान उरलं, पाण्याचं घमेलं उरलं, आणि त्यात ट्यूब बुडवून पहिला बुडबुडा दिसेपर्यंत श्वास रोखून धरणारे बाबा उरले. पुढच्या बैठकीत तेवढंच वाचलं. काकांचा हात निघाला आणि अर्ध्या वाटेत थांबला.

त्या वर्षी माझा लेख अकोल्याला गेला, ताईंचा राहिला. मी त्यांच्या चेहऱ्यावर थोडी तरी जळजळ शोधत होतो. त्या मात्र अशा खूश, की स्वतःच्या हातानं सगळ्यांना फुटाणे वाटत सुटल्या. हरणंसुद्धा त्यांना माझ्यापेक्षा चांगलं जमत होतं. मला जिंकल्याचा आनंदही त्या बाईनं धड घेऊ दिला नाही.

गेल्या उन्हाळ्यात त्या अकोल्याला लेकीकडे आजारी होत्या. भेटायला गेलो तेव्हा आवाज पार खोल गेला होता. "माह्यावर लिहालच तुमी," त्या म्हणाल्या. "ताट ठेवूनच वाचजा." पंधरा दिवसांत त्या गेल्या. रडू आलं तेव्हा मला माझंच आश्चर्य वाटलं. ज्याचा हेवा करावा असं माणूस गेलं की लिहिणं फार सोपं होतं, आणि मला ते सोपं नको होतं.

परवाच्या रविवारी मी ताईंवरचा लेख वाचला. ताट मधोमध ठेवलं होतं. लेख लांबलचक होता, आणि माझ्या हेव्याबद्दल त्यात फारच सुंदर लिहिलं होतं. काका खात राहिले, मी रेघा मारत राहिलो. मग ते भाकरीचं वाक्य आलं, ताईंनीच टाकून दिलेलं. काकांचा हात ताटावर तसाच थांबला.

"हे तुमचं का ताईचं?" त्यांनी विचारलं.

'माझं' हा शब्द अगदी ओठांपर्यंत आला होता. ताईंचं, मी म्हणालो.

"वाटलंच मले," काका म्हणाले, आणि त्यांनी रिकामाच हात मागे घेतला.