डोमाजीचा पट्टा

आमच्या गिरणीच्या टाइम ऑफिसला एकच खिडकी होती. हजेरी, रजा, कामगार विमा, सगळं त्या खिडकीतून चालायचं आणि आत मी बसायचो. कागद वर साहेबाकडे जायचे, किस्से मात्र माझ्याकडे साचायचे. कागद निदान रद्दीत तरी घालता येतात, किश्शांचं काय करणार? एकट्या डोमाजीच्या हर्नियाचेच इतके आहेत की एक सांगायला घेतला की बाकीचे रांग लावतात!

*

डोमाजी बेचाळीस नंबरच्या लूमवरचा विणकर. माणूस उमरेडचा, हात सोन्याचे, बोलणं कमी. एके दिवशी लूमवर सुताचा बीम, म्हणजे मणभर वजनाचा रूळ, चढवताना जो पोट धरून खाली बसला, तो उठेचना. विम्याच्या दवाखान्यात त्या दिवशी मरणाची गर्दी. डॉक्टरांनी कपड्यावरूनच चाचपलं आणि सांगितलं, "हर्निया आहे. सर्जन गाठा, ऑपरेशन करा."

वीव्हिंग मास्तर म्हणाले, "दिवाळीपर्यंत फिट सर्टिफिकेट आण. नाहीतर लूम बदलीवाल्याला देतो."

एकोणीस वर्षं डोमाजी त्या लूमवर होता. त्याचा चेहरा पाहून मलाच कसंतरी झालं.

"डोमाजी, कधीपासून आहे हे?"

"दोनक वर्सं झाली असतीन."

"दोन वर्षं! अन् सांगितलं काहून नाही?"

"तुमी इचारलं काहून नाई जी?"

*

आता इथे आमच्या पांडेजींची ओळख करून द्यायला हवी. पांडेजी म्हणजे स्टोअरकीपर. त्यांचा एकच कायदा, "पुराना जमा करो, नया ले जाओ!" तुटका खिळा दाखवल्याशिवाय नवा खिळा नाही.

दोन वर्षांपूर्वी डोमाजी त्यांच्याकडे लूमचा चामडी पट्टा मागायला गेला. धोट्याला झटका देणारा, चांगला जाड पट्टा.

"पुराना?"

"हरवला जी."

"चमड़े का पट्टा है, बकरी थोड़े ही है कि भाग गई!"

मास्तरांची चिठ्ठी आली तेव्हा कुठे नवा पट्टा मिळाला. पण त्या दिवसापासून रोज सकाळी गेटवर पांडेजी उभे, "डोमाजी, मेरा पट्टा?" आणि डोमाजी खाली मान घालून आत. दोन वर्षं, एकही दिवस न चुकता!

*

विम्याचं कार्ड चालवून घेणाऱ्या सर्जनांची एक टाइप केलेली यादी माझ्या टेबलाच्या काचेखाली होती. नावं तीन. कोणी टाइप केली, कधी केली, देव जाणे. रविवारी डोमाजीला रिक्षात बसवलं आणि मी सायकलवर मागे.

पहिल्या पत्त्यावर टेलरिंगचं दुकान! डॉक्टर केव्हाच गाव सोडून गेलेले. टेलरमास्टरनं गळ्यातला टेप सावरत यादी वाचली आणि म्हणाला, "टाके आमीही घालतो जी. पण कार्डावर नाई!"

दुसऱ्या पत्त्यावर डॉक्टर होते, पण पंच्याहत्तरीचे. चहा पाजला, डोमाजीची सगळी हकीकत मन लावून ऐकली. मग हळूच म्हणाले, "मला ऑपरेशनं सोडून झाली सात वर्षं. मलाही हाच त्रास आहे, मीसुद्धा बेल्ट बांधून हिंडतो. चांगला सर्जन सापडला तर मला कळवा हं!"

रस्त्यात एक चकचकीत पाटी दिसली म्हणून यादीबाहेरच्या डॉक्टरकडेही शिरलो. तिथला कंपाउंडर भलताच स्पष्ट होता. "कार्ड आणलंय? मग पुढच्या महिन्यात या. पैसे आणलेत? मग आडवे व्हा!"

माझं डोकंच फिरलं. आमच्या पगारातून विम्याची वर्गणी कापायला कोणी पुढचा महिना बघत नव्हतं! डोमाजीच माझी समजूत काढू लागला, "जाऊ द्या बाबूजी, एक नाव बाकी आहे न अजून."

*

तिसरं नाव नंदनवन वस्तीच्या बाजूला सापडलं. पाटीवर लिहिलेलं, डॉ. कौशल्या, जनरल सर्जन. डोमाजीनं पाटी माझ्याकडून दोनदा वाचून घेतली आणि सरळ रिक्षात जाऊन बसला.

"बाईले नाई दाखवत मी. जागा कोनती आहे, पाहून राहिले न तुमी?"

दिवाळी महिन्यावर आलेली. मी समजावलं, चिडलो, हातही जोडले. गडी हलेना. शेवटी त्याच्या घरी जाऊन त्याची बायको सगुणाबाई हिच्या कानावर घातलं. ती भाकरी थापत होती. हात थांबला नाही, मानही वर केली नाही, तिथूनच नवऱ्याला म्हणाली,

"माह्या बाळंतपनाले मरद डॉक्टर होता. तवा तुमाले शरम नाई आली जी?"

सोमवारी सकाळी डोमाजी माझ्याआधी दवाखान्यात हजर!

*

तपासणीच्या वेळी मी पडद्याबाहेर उभा होतो. आतून डॉक्टरबाईंचा आवाज आला, "हे काय बांधलंय?"

पडद्याआड गाठ सोडल्याची खुडबुड ऐकू आली.

"हा तर लूमचा पट्टा! कितव्या नंबरचा?"

"बेचाळीस," डोमाजी पुटपुटला. "हे बांधलं का बीम उचलता येते, बाई. नाईतर काम सुटलं असतं."

"माझे बाबा अठरा नंबरवर होते," बाई म्हणाल्या. "मी रोज डबा घेऊन यायची. पांडेजी आहेत का हो अजून स्टोअरला?"

पडद्यामागून डोमाजीचा हुंदका ऐकू आला. दोन वर्षं पोटाशी बांधलेलं गुपित एका मिनिटात सुटलं होतं. माझेही डोळे भरले, खोटं कशाला बोलू?

बाई बाहेर आल्या. मी भीत भीत कार्ड पुढे केलं. त्या म्हणाल्या, "द्या की. माझ्या आईचं ऑपरेशन याच कार्डावर झालं होतं."

*

ऑपरेशन छान झालं. डोमाजी शुद्धीवर आला तो घाबराघुबरा. बाईंचा हात धरून विचारू लागला, "बाई, जुना जमा केला का?"

"जुनाच डोमाजी दुरुस्त केलाय. नवा मिळत नाही."

तेवढ्यात शेजारच्या खाटेवरून एक ओळखीचा आवाज आला, "काय हो, सर्जन सापडला तर मला कळवणार होतात ना?"

बघतो तर पंच्याहत्तरीचे डॉक्टर! ते आपले आपणच शोधत आले होते.

*

दिवाळीला चार दिवस असताना डोमाजी खिडकीशी आला. ताठ उभा, काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी. त्यानं फिट सर्टिफिकेट माझ्या हातात दिलं. वर नेहमीचा मजकूर होता, डोमाजी कामावर रुजू होण्यास योग्य आहे. खाली बाईंच्या अक्षरात आणखी एक ओळ होती, "सोबतचा चामडी पट्टा तपासला. त्यासही कामावर रुजू होण्यास हरकत नाही."

मी खिडकी बंद केली आणि डोमाजीला घेऊन थेट स्टोअरमध्ये गेलो. डोमाजीनं पट्टा काउंटरवर ठेवला. पांडेजींनी चष्मा चढवून सर्टिफिकेट वाचलं. मला वाटलं, आता तोफ डागणार! त्यांनी पुन्हा एकदा वाचलं. पट्टा दोन्ही हातांनी ताणून पाहिला. मग डोमाजीकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि माझ्याकडे वळून म्हणाले,

"बाबूजी, लिखो. दोनों को एक हफ्ता लाइट ड्यूटी!"