एक खांब कमी

“अवं, उसवू नको! पोरीले आठवा महिना लागला!”

पवनारच्या बसथांब्यासमोरच्या ओसरीवरून नवरा असा ओरडला की धाम नदीत बसलेल्या म्हशी दचकून उभ्या राहिल्या. बाई मात्र होणाऱ्या नातवासाठी क्रोशानं विणलेलं ब्लँकेट सर्रकन उसवत होती. चाळीस ओळी खाली एक खांब, म्हणजे विणीतला एक उभा टाका, कमी पडला होता.

वर्ध्याची एसटी वेळेवर येणं पाप समजते, म्हणून हे ब्लँकेट मी चार महिने रोज पाहिलं. उन्हापायी कावळे सावली धरून पायी चालायचे, तेव्हाही हिच्या मांडीवर लोकर. क्रोशाची सुई दातावर टकटक आपटत ती खांब मोजायची, मान हलवायची आणि उसवायची. एवढ्या लोकरीत अख्खं पवनार गुंडाळून झालं असतं.

“एक खांब कोण मोजून राह्यलं?” नवऱ्यानं कपाळ बडवलं.

“मी,” ती म्हणाली.

पुढच्याच महिन्यात नातू घरी आला, आजोबाच्या जुन्या धोतरात गुंडाळून. ओसरीवर ती उसवतच होती. मी रस्ता ओलांडून गेलो.

“काकू, ब्लँकेट राहूनच गेलं की!”

“पोट्ट्याले घाई होती, भाऊ. मले नाई.”