मामाने न प्यायलेलं पाणी

आमच्या घरी हल्ली तुरीची डाळ शिजायला दुप्पट वेळ लागतो. कुकरच्या शिट्ट्यांवर शिट्ट्या होतात, गॅस जळतो, तरी वरणात दाणे टक्क उभे. आई शेवटी रवी घेऊन त्यांच्या मागे लागते. पाणी जुन्या विहिरीचं आहे, जड आहे, साबणाला फेस येऊ देत नाही. पण तपासून आणलं तेव्हा ते पिण्याजोगं निघालं. अंगणातल्या नळाच्या पाण्यात डाळ लोण्यासारखी मऊ व्हायची. त्या पाण्याने आता आम्ही भांडी घासतो आणि सडा टाकतो.

आमच्याकडे पाण्याची परीक्षा डाळीवरच होते. आई कुणाच्या गावाला गेली, की चपला काढायच्या आधी विचारते, "तुमच्या पान्यात डाळ शिजते का जी?" शिजत असेल तर गाव चांगलं, तिथे मुलगी द्यायला हरकत नाही. नळ आला त्या दिवशी तिने पहिलं काम तेच केलं. पातेलं चुलीवर ठेवलं, थोड्या वेळाने डाव घातला आणि सगळ्या आयाबायांना बोलावून दाखवलं. दाणा बोटाने दाबायचीही गरज नव्हती. पाणी पास झालं.

आमचं गाव चंद्रपूर जिल्ह्यातलं, जंगलाच्या कडेचं. गावाच्या खालच्या अंगाला, जिथून धानाच्या बांध्या सुरू होतात, तिथे आमचा मोहल्ला. बौद्धांचा. गावच्या विहिरीवर माझ्या आजीला घागर लावू देत नसत. वरून कुणी ओतलं तर ओतलं, नाहीतर उन्हात उभं राहायचं. म्हणून आमच्या आजोबांच्या पिढीने स्वतःच्या हातांनी ही जुनी विहीर खोदली. पाणी जड लागलं, पण कुणाच्या मेहेरबानीचं नव्हतं. डाळ न शिजणाऱ्या त्या पाण्यावर आमची सगळी पिढी वाढली.

नळ आणला मामाने. माझ्या आईचा धाकटा भाऊ. आमच्या घरापासून चार घरं सोडून त्याचं घर. नोकरीतून निवृत्त झाल्यापासून तो मोहल्ल्याचा पुढारी, वकील, भांडणं मिटवणारा, सगळंच. मोहल्ल्याला वेगळी बोअर आणि वेगळी टाकी हवी म्हणून त्याने कित्येक वर्षं खेटे घातले. टाकीवर निळा रंग मारून झाला तेव्हा विहारासमोर मंडप पडला, पंचशील म्हटलं गेलं आणि मामा बोलायला उभा राहिला. आपल्या बापजाद्यांनी पाण्यासाठी मार खाल्ला, म्हणाला, आज पाणी आपल्या दारात चालून आलं. मग त्याने पहिला तांब्या भरून आपल्या बहिणीच्या, म्हणजे आईच्या हातात दिला. आई प्यायली आणि पदराने डोळे पुसत बसली. माझी मुलगी तेव्हा पाळण्यात होती. नवरा अहेरीला लाकडाच्या डेपोत, महिन्यातून दोनदा यायचा, म्हणून मी तिला घेऊन आईकडेच राहत होते. तिचं दूध, तिची पेज, तिचं सगळं त्या नळावर झालं.

पुढे काही वर्षांनी मामाने आमच्या घरचं पाणी पिणं सोडलं.

एकदम लक्षात आलं नाही. तो रविवारी सकाळी यायचा, ओसरीवर बसायचा, पेपर वाचायचा. आमच्याकडे माणूस दारात आला की आधी तांब्या, मग खुशाली. आई तांब्या ठेवायची. मामा तो उचलायचा, हात ओले करायचा आणि उरलेलं तुरीच्या झाडाला ओतायचा. तहान लागली की पिशवीतली बाटली काढायचा. विचारलं तर म्हणाला, मुतखडा आहे, डॉक्टरनं वेगळं पाणी सांगितलंय. त्याच सुमारास त्याचा मुलगा गाडीवरून तालुक्याहून पाण्याच्या मोठ्या कॅन आणायला लागला. शेजारची काकू जिभेची तिखट. ती म्हणाली, "सुनेलेही मुतखडा, नातवालेही मुतखडा! त्या घरात दगडाची खदान निघाली वाटते."

आम्ही हसलो. आई हसली नाही.

आमच्या लोकांत कुणी घरचं पाणी नाकारलं, तर त्याचा एकच अर्थ होतो, आणि तो अर्थ लावायला आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही. परक्याने नाकारलं तर आपण त्याच्या तोंडावर बोलू तरी. इथे सख्खा भाऊ होता. आईने मनाशी ठरवून टाकलं, की हा मोठा झाला, तालुक्याच्या साहेबांत उठबस वाढली, आता त्याला आपलं भांडं, आपला माठ, आपला हात कमी वाटतो. दुसरा कुठला अर्थ तिच्या डोक्यात शिरलाच नाही, आणि खरं सांगायचं तर माझ्याही नाही. दरवर्षी नव्या तांदळाची पहिली पायली त्याच्या घरी जायची, ती आईने बंद केली. जयंतीला तो पाण्याच्या हक्काबद्दल बोलायला उभा राहिला, की ती मंडपातून उठून घरी यायची. "घरचं पानी नाई चालत, अन् भाषण पान्याचं," म्हणायची. तरी रविवारी तो आला की तांब्या ठेवायची. एक दिवस पिईल, या आशेने ठेवायची की त्याला टोचावं म्हणून, हे मी तिला कधी विचारलं नाही.

राग काढायलासुद्धा अक्कल लागते. आमचा राग खरा होता, पण भलत्याच दारात उभा होता.

मुलीचे दुधाचे दात पडले आणि नवे आले. पुढचे दोन दात वर येतानाच खडूसारखे पांढुरके होते. हळूहळू त्यांच्यावर आडवे पिवळे पट्टे उमटले, मग तपकिरी. आईने मीठ-कोळसा लावून घासले, कडुनिंबाच्या काडीने घासले, पोरीच्या हिरड्यांतून रक्त आलं तरी पट्टे हलले नाहीत. मोहल्ल्यातल्या बऱ्याच पोरांचे दात तसेच होते, म्हणून कुणाचेच वेगळे दिसत नव्हते. कुणी म्हणे माती खातात, कुणी म्हणे घासत नाहीत, कुणी म्हणे बापाच्या खिशातला तंबाखू-सुपारीचा खर्रा चोरून चाखतात. शाळेत वरच्या मोहल्ल्यातली पोरंही होती आणि त्यांच्या नळाची बोअर वेगळी. त्यांचे दात पांढरे. त्यांनी माझ्या मुलीचं नाव ठेवलं, "खर्रावाली."

तेव्हापासून ती तोंडावर हात धरून बोलायला लागली. हसायची तर ओढणीत. ही पोरगी आधी इतकी बोलायची की आई तिला रेडिओ म्हणायची. यंदा जयंतीला तिचं भाषण होतं. घरात तोंडपाठ, चढउतारासकट. मंडपात माइकसमोर उभी राहिली, समोर वरच्या मोहल्ल्यातली दोन पोरं दिसली, आणि तिने हात तोंडावर नेला. माइकला काही ऐकूच जाईना. मामा मंचावरून म्हणाला, "मोठ्यानं बोल बेटा, कोनाले भ्याचं?" ती अर्ध्यावरून खाली उतरली. त्याच आठवड्यात मी तिला घेऊन चंद्रपूरला दातांच्या डॉक्टरणीकडे गेले.

बाईंनी तिचं तोंड उघडून पाहिलं आणि मला पहिला प्रश्न विचारला, "बोअरचं पाणी पिता का?" मी म्हटलं, हो, आणि फार चांगलं आहे, डाळ छान शिजते. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, पाण्यात फ्लोराइड जास्त आहे, ते चवीला कळत नाही. दात हिरडीच्या आत घडत असतात तेव्हाच त्याचा डाग बसतो, बाहेरून घासून जात नाही. आणखी वर्षानुवर्षं पीत राहिलं तर हाडंही धरतात. मग त्यांनी गावाचं नाव विचारलं. मी सांगितलं तशा थांबल्या.

"तुमच्याच मोहल्ल्यातले एक गृहस्थ आले होते ना, नातवाला घेऊन? चार वर्षं झाली असतील. मी तेव्हाच सांगितलं होतं, पाणी बदला, सगळ्यांना सांगा. ते म्हणाले, मीच पाणी समितीचा अध्यक्ष आहे, गेल्या गेल्या सांगतो. सांगितलं नाही का त्यांनी?"

मी विचारलं, तेव्हा पाणी बदललं असतं तर? त्या म्हणाल्या, पुढचे दोन कदाचित वाचले नसते. बाजूचे, मागचे बरेचसे स्वच्छ आले असते. त्यांना वाटलं असेल मी रडेन. मला रडू आलं नाही. खुर्चीवरची माझी पोर आमचं बोलणं ऐकत होती आणि जिभेने एकेक दात चाचपून पाहत होती, कोणता वाचला असता ते.

परतीच्या बसमध्ये मला त्याचा प्रत्येक रविवार आठवत गेला. तांब्या उचलणं, हात ओले करणं, पाणी झाडाला घालणं. आमच्या ओसरीवर बसून, माझी मुलगी समोर नळाला तोंड लावून पाणी पितेय हे बघत बसणं. त्याने तिला कधी टोकलं नाही. जे पाणी तो स्वतः झाडाला ओतत होता ते तिने पिऊ नये, एवढंही त्याच्या तोंडून निघालं नाही. मी या माणसाच्या पाया पडून परीक्षेला गेलेली आहे. माझ्या लग्नात बापाच्या जागी तो उभा होता. एखाद्या ठेकेदाराने, एखाद्या साहेबाने हे केलं असतं तर चार शिव्या देऊन मोकळी झाले असते. आपल्या माणसाला द्यायला शिवीच सापडत नव्हती.

घरी येऊन आईला सांगितलं. तिने मुलीला नळाचं पाणी पिऊ नकोस म्हणून दोनदा बजावलं आणि मामाला निरोप धाडला.

तो आला, बाटलीची पिशवी घेऊनच. बसला. आईने मुलीला सांगितलं, "जा, नळाचा तांब्या भरून आन आबाजीले." मुलीने माझ्याकडे पाहिलं. मग गेली.

"पी भाऊ," आई म्हणाली.

"बाई, तुले माहीत आहे ना, मुतखडा..."

"मामा," मी म्हटलं, "चंद्रपूरच्या दातवाल्या डॉक्टरणीनं तुमची आठवण काढली. नातू बरा आहे का विचारत होती."

त्याने पेपरची घडी घातली. परत उघडली. परत घातली.

"मी फिल्टरची मशीन मागतली होती," तो म्हणाला. "आज येते, उद्या येते, करून राह्यले होते ते लोक. मले वाटलं मशीन आली का मंग सांगू."

"अन् तोवर?"

"तोवर सांगतलं असतं तं टाकी बंद केली असती बाई. कोनत्या तोंडानं सांगू? वरचे लोक म्हनले असते, यायले देल्लं तरी सांभाळता नाई आलं. परत घागरी घेऊन त्यायच्या दारात जा लागलं असतं आपल्याले. आपल्या मायले उभं केलं होतं तसं."

तो खरंच बोलत होता, हे मला कळत होतं आणि त्यानेच माझा संताप जास्त भडकला. "आपली विहीर होती ना मामा," मी म्हटलं. "आपल्या बापजाद्यांनी खोदलेली. तिथं जा म्हणायला कोणाची भीती होती? अन् लाज मोहल्ल्याची होती तं कॅन तुमच्याच घरी काऊन आली?"

त्याने बहिणीकडे पाहिलं, लहानपणापासून बघत आला असेल तसं.

"मले वाटे," आई म्हणाली, "माह्या भावाले आता माह्या हातचं पानी बाटलेलं वाटते. चार वर्षं मी रडली त्याच्यासाठी. तसंच असतं तं बरं झालं असतं रे भाऊ. बाटगी म्हनून नसतं पेलं, तं माफ केलं असतं मी तुले."

मामाचा चेहरा वेडावाकडा झाला. समोर मुलगी तांब्या घेऊन उभी होती. काय वाटलं त्याला कोण जाणे, त्याने एकदम दोन्ही हात पुढे केले, तांब्याला धरलं आणि तोंडाकडे ओढलं. प्यायलाच निघाला होता तो, सगळा. मुलीने तांब्या सोडला नाही. दोन्ही हात त्यावर घट्ट होते, म्हणून तोंड झाकायला एकही हात मोकळा नव्हता. उन्हात तिचे पट्ट्यापट्ट्यांचे दात सगळ्यांना दिसत होते आणि ती मोठ्याने, मंडपात जमलं नव्हतं तितक्या मोठ्याने म्हणाली,

"आबाजी, नका पिऊ. खराब आहे ते पानी. तुमाले कोणी सांगतलं नाई का?"