कडेला बसलेली माणसं

नानांनी काढलेल्या काही फोटोंत माणूस मधोमध नसतो. सोनगीरमधल्या सहा-सात घरांत हार घातलेले असे फोटो आहेत. म्हातारं माणूस खाटेच्या कडेला आणि शेजारी आणखी कुणी बसेल एवढी मोकळी जागा. पाहुणे म्हणतात, फोटोग्राफर अगदीच नवशिका दिसतो. फ्रेमवालाही ती जागा कापायला निघायचा, पण नाना दुकानात उभे राहून त्याला दटावायचे, "कात्री लावू नको. ती जागा त्यासनी शे."

मोबाईल आले आणि हायवेजवळचा त्यांचा स्टुडिओ बसला. मग नानांनी मोबाईललाच कामाला लावलं. जळगावहून त्यांनी एक जुनी लेन्स आणली; कॅमेऱ्याशिवाय नुसती लेन्स, वाटीएवढी. ती फोनला अडकवता यायची आणि सुटीही ठेवता यायची. सुटी ठेवली तरी तिला दिसेल ते वायफायवरून फोनवर उमटायचं, फक्त जरा उशिरा. "हाऊ डोया शे," नाना म्हणायचे, "फोन नुस्ता आरसा."

म्हाताऱ्यांचा फोटो काढायचा असला की ते लेन्स खाटेसमोरच्या फडताळात ठेवायचे आणि फोन घेऊन स्वतः ओट्यावर येऊन बसायचे. "मानूस समोर बठना का मानूस खोटा व्हई जास." म्हातारी माणसं पाच मिनिटांत लेन्स विसरत, आणि मग नाना फोनवर बोट टेकवत.

मी शाळेत विज्ञान शिकवतो. मला यात फक्त वायफाय दिसायचं, आणि त्यावरून मी नानांची भरपूर थट्टा केली आहे. मग एकदा माझ्या वडिलांच्या, आबांच्या फोटोसाठी त्यांना बोलावलं. सकाळचे दहा वाजले होते, खोलीभर ऊन होतं. ओट्यावर बसून नाना हळूच म्हणाले, "मास्तर, आज उजेड नई शे."

मी फोनमध्ये डोकावलो. आबा खाटेवर सरकत होते. त्यांनी शेजारची चादर हाताने सारखी केली आणि तिकडे बघून 'बस' अशी मान हलवली. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. नानांनी फोटो काढला. "चार दिन सुट्टी टाक. बापजोडे बठ."

मी चिडलो, पण सुट्टी टाकून आबांजवळ बसलो. पाचव्या दिवशी आबा गेले. योगायोग, असं मी स्वतःला अजूनही सांगतो. पण ते चार दिवस मला नानांनी दिले, हेही खरं. हळूहळू गावाला नानांच्या 'उजेडा'चा अर्थ कळला. नाना 'उजेड शे' म्हणाले की घरची माणसं हुश्श करून चहा टाकायची.

स्वतः नानांचा मात्र एकही फोटो नव्हता. गेल्या हिवाळ्यात त्यांची जळगावची मुलगी माझ्यामागे लागली, "दादा, नानांचा एक तरी धड फोटो काढा ना." एरवी टाळणारे नाना या वेळी चक्क हो म्हणाले. लेन्स त्यांनीच आपल्या घरच्या फडताळात ठेवली आणि फोन माझ्या हातात दिला. "आते तू देख."

मी ओट्यावर बसलो. फोनमध्ये नाना टोपी नीट करत होते. थोडा वेळ गुडघ्यांवर हात ठेवून बसले. मग सरकले. चादर सारखी केली आणि बाजूला बघून हसले. त्यांची बायको, आमच्या काकू, गेल्यापासून त्यांना असं हसताना मी पाहिलं नव्हतं. मी बोट टेकवलं.

मान वर केली तर नाना दारात उभे. फोनमध्ये ते अजून खाटेवरच होते, हसत. चित्र उशिरा पोचतं हे ठाऊक असूनही मी एकदा फोनकडे, एकदा दाराकडे बघितलं.

"मी सरकनू का रे?"

ऊन त्यांच्या पायांवर पडलं होतं. मला ना खरं बोलवेना, ना खोटं.

"नाना," मी म्हणालो, "आज उजेड नाही."

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मंग पोरले फोन लाव. तिले सांग, चार दिन ई जाय."

मुलगी संध्याकाळच्या एसटीने आली. पुढच्या आठवड्यात फ्रेमवाल्याच्या दुकानात, नानांच्या फोटोवर त्याने कात्री उचलली तेव्हा, मी उभा होतो.